मनोरंजन उद्यानांतील स्पर्धा आणि सुधारणा : चेन्नईच्या बाजारपेठेचा अभ्यास

डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईच्या दक्षिणेस, तिरुपोरूरजवळील इल्लालूर येथे वंडरला या कंपनीचे मनोरंजन उद्यान सुरू झाले. सुमारे ६४ एकर जमीन, ६११ कोटी रुपयांची गुंतवणूक आणि ४३ राइड्स असा हा प्रकल्प आहे. त्यातील 'तंजोरा' हा लोंबकळत्या आसनांचा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडमधील एका नामांकित कंपनीने बनविलेला आहे. (हे नाव वाचताना मराठी वाचकाला तंजावर आठवल्यावाचून राहणार नाही.) चेन्नईला मनोरंजन उद्याने नवी नाहीत. या शहरात आधीपासून चार मोठी उद्याने होती. तरीही या पाचव्या उद्यानाच्या आगमनाने अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर एक चांगले उदाहरण आले आहे.

'स्पर्धेमुळे वस्तूची गुणवत्ता सुधारते आणि ग्राहकाचा लाभ होतो' हे वाक्य प्रत्येक परीक्षार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. स्पर्धेमुळे नेमके काय सुधारते, किती काळाने सुधारते आणि काय सुधारत नाही, हे प्रश्न त्या वाक्यात दबून जातात. त्यांची उत्तरे सूत्रांपेक्षा एखाद्या प्रत्यक्ष बाजारपेठेत शोधणे अधिक उपयुक्त ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात चेन्नईचा विचार केला आहे. आवश्यक तेथे महाराष्ट्रातील आणि परदेशातील उदाहरणे घेतली आहेत.

चार उद्यानांची बाजारपेठ

चेन्नईतील सर्वांत परिचित उद्यान म्हणजे पूर्व किनारा मार्गावरील इंजम्बाक्कम येथील व्हीजीपी. घरगुती वस्तू हप्त्यांवर विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या व्ही. जी. पन्नीरदास यांच्या समूहाने ते उभारले. प्रथम 'गोल्डन बीच' आणि नंतर 'युनिव्हर्सल किंगडम' या नावाने ते ओळखले गेले. त्याच मार्गावर पुढे मुट्टुकाडू येथे एमजीएम समूहाचे 'डिझी वर्ल्ड' आले. तांबरमजवळ 'किष्किंता' उभे राहिले. भारतातील पहिला त्रिमितीय चित्रपट 'माय डिअर कुट्टिचातन' (१९८४) काढणारे निर्माते नवोदय अप्पच्चन यांचा हा उपक्रम १९९० च्या दशकाच्या मध्यातला. पश्चिमेस, बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर, चेंबरम्बाक्कम जलाशयाच्या परिसरात २००३ मध्ये 'क्वीन्सलँड' सुरू झाले. हप्त्यांचा व्यापार, चित्रपट, वाहतूक अशा अगदी वेगवेगळ्या क्षेत्रांत मिळविलेले भांडवल एकाच व्यवसायात उतरले. नफ्याची शक्यता दिसली की भांडवल उद्योगाची सीमा ओलांडते, हे अर्थशास्त्राचे गृहीतक येथे डोळ्यांनी दिसते.

या उद्यानांच्या जागा नकाशावर पाहाव्यात. दोन उद्याने एकाच किनारी मार्गावर आहेत, तर उरलेली दोन शहराच्या इतर दिशांना. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या स्थानविषयक स्पर्धेच्या सिद्धान्तात, दोन विक्रेते ग्राहकांच्या ओढीने परस्परांच्या जवळ सरकतात. किनारी मार्गावरील जवळिकीचे अंशतः स्पष्टीकरण त्यातून मिळते. महाबलीपुरमला निघालेला पर्यटक दोघांच्याही दारावरून जातो. तांबरम आणि चेंबरम्बाक्कम येथील उद्यानांनी उलट मार्ग धरला. त्यांनी आपापल्या बाजूच्या उपनगरांतील कुटुंबे जवळ केली. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन शहर ओलांडून जायचे म्हणजे दोन-तीन तास मोडतात. हा प्रवासखर्च प्रत्येक उद्यानाला आपल्या भागापुरती थोडी मक्तेदारी देतो. म्हणजे चार विक्रेते असूनही प्रत्यक्षात एखाद्या कुटुंबापुढे दोनच पर्याय असू शकतात. बाजारपेठेतील स्पर्धेची तीव्रता विक्रेत्यांच्या संख्येवरून ठरवू नये, ती ग्राहकाच्या आवाक्यातील पर्यायांवरून ठरवावी.

बाजाराच्या प्रकारांच्या भाषेत ही बाजारपेठ अल्पाधिकाराची आहे. विक्रेते थोडे, वस्तू भिन्न आणि प्रत्येकाचा निर्णय दुसऱ्यावर परिणाम करणारा. वस्तुभेदाचे तत्त्व मात्र एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या मक्तेदारीयुक्त स्पर्धेच्या विवेचनातून घ्यावे लागते. परीक्षेत या दोन प्रकारांची सरमिसळ होते म्हणून हे मुद्दाम सांगितले.

वस्तुभेदाचे या शहरातील सर्वोत्तम उदाहरण कोणत्याही यंत्राचे नाही. व्हीजीपीच्या आवारात राजवाड्यातील पहारेकऱ्याच्या वेषात तासन् तास निश्चल उभा राहणारा 'पुतळा माणूस' अनेक वर्षे प्रेक्षकांचे आकर्षण होता. त्याला हसविणाऱ्यास बक्षीस असे. बऱ्याच वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. आमच्या मुलांनी सर्व प्रकार करून पाहिले, त्याची पापणीही हलली नाही. रोलर कोस्टर कोणीही प्रतिस्पर्धी पैसे मोजून आणू शकतो. असा माणूस विकत आणता येत नाही, आणि आणला तरी लोक त्याला नक्कल म्हणतात.

खर्चाची रचना आणि दराचा प्रश्न

मनोरंजन उद्यानाचा बहुतांश खर्च स्थिर असतो. जमीन, यंत्रे, पाया, जलशुद्धीकरण आणि प्रशिक्षित कर्मचारी यांवरील खर्च पाहुणे आले तरी होतो आणि न आले तरी होतो. एका अधिक पाहुण्यासाठी येणारा सीमान्त खर्च अत्यल्प असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका उद्यानाचा वार्षिक स्थिर खर्च ४० कोटी रुपये आहे, प्रत्येक पाहुण्यामागे बदलता खर्च २०० रुपये आहे आणि वर्षाला ५ लाख पाहुणे येतात. सरासरी स्थिर खर्च ८०० रुपये आणि सरासरी एकूण खर्च १,००० रुपये होईल. आता नवा प्रतिस्पर्धी आला आणि त्याने १ लाख पाहुणे ओढून नेले. सरासरी स्थिर खर्च १,००० रुपये आणि एकूण खर्च १,२०० रुपयांवर जातो. स्पर्धा वाढली आणि जुन्या उद्यानाचा दरडोई खर्चही वाढला.

येथे विद्यार्थी चकित होतात, कारण स्पर्धेने दर उतरतात असे त्यांनी वाचलेले असते. दर उतरूही शकतो. २०० रुपयांच्या वर मिळणारा प्रत्येक रुपया स्थिर खर्चाला हातभार लावतो, त्यामुळे मोकळ्या दिवशी सवलत देण्याचा मोह अनावर होतो. परंतु सर्वच उद्याने त्या वाटेने गेली तर कोणाचाच स्थिर खर्च भरून निघत नाही आणि पहिला फटका देखभालीला बसतो. म्हणून अनुभवी उद्याने प्रवेशद्वारावरील दर सरसकट कमी करीत नाहीत. विद्यार्थ्यांना सवलत, आगाऊ नोंदणीवर सवलत, सोमवार ते शुक्रवारचा वेगळा दर अशा मार्गांनी ती दरभेद करतात. ज्याची मागणी अधिक लवचीक आहे त्याला कमी दर लावण्याचा हा नियम आहे. उरलेली स्पर्धा राइड्स, स्वच्छता, खाद्यपदार्थ आणि सुविधा यांच्या रूपाने होते.

दर किती असावा याइतकाच दर कसा आकारावा हाही प्रश्न आहे. आपल्या जत्रेत आत जायला पैसे पडत नाहीत, पण प्रत्येक पाळण्याचे वेगळे द्यावे लागतात. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडने १९५५ पासून बराच काळ प्रवेशशुल्क आणि शिवाय प्रत्येक राइडसाठी कुपन अशी दुहेरी पद्धत चालविली. वॉल्टर ओई यांनी १९७१ मध्ये याच पद्धतीवरून द्विभाग दराचा प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. मक्तेदार उत्पादक ग्राहकाचे संतोषाधिक्य दोन टप्प्यांत कसे काढून घेऊ शकतो, याचे ते विवेचन आहे. दरम्यान टेक्सासमधील सिक्स फ्लॅग्जने १९६१ मध्ये एकाच तिकिटात सर्व राइड्स ही पद्धत रूढ केली. डिस्नेलँडने अखेर १९८२ मध्ये कुपने बंद केली. दर कमी न होताही दराची रचना ग्राहकाला सोयीची झाली, ही सुधारणाच होय.

तिची किंमत वेगळ्या ठिकाणी द्यावी लागली. एकाच तिकिटात सर्व राइड्स मिळू लागल्या की प्रत्येक फेरीची पाहुण्याच्या दृष्टीने किंमत शून्य होते. शून्य किमतीला मागणी पुरवठ्याहून अधिक असणारच. मग वाटप पैशाऐवजी रांगेतील वेळेने होते. म्हणून उद्यानाची खरी क्षमता राइड्सच्या संख्येत नसते. ताशी किती माणसे राइडवर बसून उतरतात, त्यावर ती ठरते. जाहिरातीत मात्र संख्याच छापली जाते. पैसे अधिक देऊन रांग टाळण्याचे वेगळे तिकीट अनेक उद्याने विकतात. रांग जितकी लांब तितके हे तिकीट अधिक खपते. रांग कमी करण्याची उद्यानाची इच्छा त्यामुळे मंदावत नाही ना, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

नवागताच्या वाटेतील अडथळे

क्वीन्सलँड २००३ मध्ये सुरू झाले आणि त्या तोडीचे नवे उद्यान २०२५ मध्ये आले. मधली सुमारे बावीस वर्षे चेन्नईची लोकसंख्या, उत्पन्न आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदार वर्ग सतत वाढत होता. मागणी वाढत असताना नवे उद्यान का आले नाही, हा या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पहिले कारण भांडवलाचे. ६११ कोटी रुपयांवर १० टक्के दराने वैकल्पिक खर्च धरला तर तो वर्षाला सुमारे ६१ कोटी होतो. वर्षाला १० लाख पाहुणे आले असे मानले तरी प्रत्येकामागे ६११ रुपये केवळ भांडवलाचा मोबदला म्हणून निघाले पाहिजेत. पाहुणे ७ लाख असतील तर हाच आकडा सुमारे ८७० रुपयांवर जातो. शिवाय हा बुडीत खर्च आहे. विल्यम बॉमोल यांच्या 'आव्हानक्षम बाजारपेठे'च्या सिद्धान्तानुसार (१९८२), नव्याने येणारा सहज येऊ आणि सहज बाहेर पडू शकत असेल तर एकटा विक्रेताही स्पर्धेत असल्याप्रमाणे वागतो. उद्यानांच्या बाबतीत ही अट पूर्ण होत नाही. काँक्रीटच्या पायात रोवलेला रोलर कोस्टर उचलून दुसऱ्या गावी नेणे आणि विमान दुसऱ्या मार्गावर वळविणे यांत मोठे अंतर आहे. त्यामुळे येथे संभाव्य प्रतिस्पर्ध्याची भीती पुरत नाही, प्रतिस्पर्धी प्रत्यक्ष यावा लागतो.

दुसरे कारण करांचे, आणि स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. १ जून २०१५ पासून मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर सेवाकर लागू झाला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा त्याचा दर २८ टक्के होता. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के करण्यात आला. वस्तू व सेवा करात राज्यांचा करमणूक कर विलीन झाला, असे सर्रास लिहिले जाते. ते पूर्ण खरे नाही. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ६२ व्या नोंदीत बदल केला आणि पंचायत, नगरपालिका, प्रादेशिक परिषद किंवा जिल्हा परिषद यांनी आकारावयाचा करमणूक कर कायम ठेवला. तमिळनाडूने २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

समजा, ग्राहक करासह १,००० रुपयांहून अधिक देण्यास तयार नाही. केवळ १८ टक्के कर असेल तर उद्यानाच्या हाती सुमारे ८४७ रुपये राहतात. त्यावर स्थानिक कर १० टक्के मानला तर ७८१ रुपये उरतात. दर पाहुण्यामागे ६६ रुपयांचा हा फरक १० लाख पाहुण्यांमागे वर्षाला ६ कोटी ६० लाख रुपये होतो. एवढ्या फरकाने मोठा प्रकल्प अव्यवहार्य ठरू शकतो. वंडरलाच्या चेन्नई प्रकल्पाची आखणी काही वर्षे आधी झाली होती. स्थानिक करातून सूट मिळण्याचा प्रश्न सुटेपर्यंत तो रेंगाळला आणि २०२३ मध्ये दहा वर्षांची सूट मिळाल्यावर काम मार्गी लागले. मधल्या काळात याच कंपनीने भुवनेश्वर येथे मे २०२४ मध्ये उद्यान सुरूही केले. राज्याराज्यांतील स्पर्धा म्हणतात ती ही.

या सूटीकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. नव्या उद्यानामुळे प्रवेशातील अडथळा दूर झाला, हे खरे. पण करसवलत नव्याला देताना तिचे दार त्याच अटींवर जुन्यांनाही खुले असावे, हे स्पर्धात्मक तटस्थतेचे तत्त्व आहे. अन्यथा स्पर्धा राइड्सच्या गुणवत्तेवर होण्याऐवजी कराच्या दरावर होऊ लागते. शिवाय सोडून दिलेला महसूल स्थानिक संस्थेचा असतो आणि उद्यानाकडे जाणारा रस्ता, कचरा आणि पाणी यांचा भार तिच्यावरच पडतो.

प्रतिसादाला लागणारा काळ

नवागतामुळे जुनी उद्याने सुधारतील काय, याचे उत्तर एका हंगामात मिळणार नाही. अमेरिकेतील ऑर्लँडो शहराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे डिस्नेचे उद्यान १९७१ मध्ये आणि युनिव्हर्सलचे १९९० मध्ये सुरू झाले. युनिव्हर्सलने २०१० मध्ये हॅरी पॉटरच्या कथांवर आधारित विभाग उघडला आणि गर्दी तिकडे वळली. डिस्नेने 'अवतार' चित्रपटाच्या जगावर आधारित विभाग २०१७ मध्ये आणि 'स्टार वॉर्स'चा विभाग २०१९ मध्ये खुला केला. त्यानंतर मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलने 'एपिक युनिव्हर्स' हे संपूर्ण नवे उद्यानच उभारले. एका चालीला उत्तर देण्यास सात ते नऊ वर्षे लागली. साबणाच्या बाजारपेठेत हेच काही आठवड्यांत घडते. भांडवलप्रधान सेवांमध्ये स्पर्धेची फळे उशिरा येतात, आणि त्या कालावधीत कमकुवत संस्था तग धरू न शकण्याचा धोकाही असतो.

ऑर्लँडो आणि चेन्नई यांत एक फरक आहे. ऑर्लँडोला लोक दुरून येऊन आठवडाभर राहतात. तेथे नवे उद्यान आले की मुक्काम एक दिवसाने वाढतो आणि सर्वांचाच धंदा वाढू शकतो. चेन्नईचा पाहुणा मुख्यत्वे सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा आहे. त्याच्या वर्षातील सहलीच्या एक-दोन दिवसांसाठीच झगडा आहे. अशा वेळी समोरासमोर टक्कर देण्यापेक्षा बाजूला सरकणे शहाणपणाचे ठरते. व्हीजीपीने २०१९ मध्ये काचेच्या बोगद्यातून मासे दाखविणारे 'मरीन किंगडम' हे मत्स्यालय सुरू केले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. उंच आणि वेगवान राइडच्या शर्यतीत मोठ्या भांडवलाचा वरचष्मा असतो. लहान मुले आणि आजी-आजोबा यांना एकत्र घेऊन येणाऱ्या कुटुंबासाठी ती शर्यत निरर्थक आहे. माझ्या मते चेन्नईतील जुन्या उद्यानांचे भवितव्य याच पाहुण्याला ओळखण्यावर अवलंबून राहील.

महाराष्ट्राचा अनुभव थोडा वेगळा इशारा देतो. मुंबईत गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आणि १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम सुरू झाले. खोपोलीजवळ एप्रिल २०१३ मध्ये आलेले इमॅजिका अनेक बाबतींत त्यांच्या पुढचे होते. तथापि, कर्जाच्या भाराखाली ते दबले आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने त्याचा ताबा घेतला. एस्सेलवर्ल्डचे पाळणे कोविड काळात थांबले, ते नंतरही काही वर्षे थांबलेलेच राहिले. उत्तम वस्तू देणारा टिकतोच, असे नाही. भांडवल कर्जाचे आहे की भागधारकांचे, यावरही टिकाव अवलंबून असतो. जोसेफ शुम्पीटर यांच्या 'सर्जनशील विध्वंसा'त विध्वंस कोणाच्या वाट्याला येईल, याची हमी नसते.

मालपाणी समूहाकडे लोणावळ्याचे 'वेट अँड जॉय' हे जलउद्यान आधीपासून होते. त्यामुळे घाटाच्या वरचे आणि खालचे अशी दोन्ही उद्याने एका मालकीत आली. अशा प्रसंगी स्पर्धा कायदा काय पाहतो, हे विद्यार्थ्यांना माहीत असावे. १९६९ च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्याचा रोख उद्योगाच्या आकारावर होता. एस. व्ही. एस. राघवन समितीच्या शिफारशींनंतर आलेला स्पर्धा कायदा, २००२ हा वर्तन आणि परिणाम पाहतो. त्याचे कलम ३ स्पर्धाविरोधी करारांना आणि कलम ४ वर्चस्वाच्या दुरुपयोगाला प्रतिबंध करते. ही दोन्ही कलमे मे २००९ पासून अंमलात आली. विलीनीकरण व संपादनाविषयीची कलमे ५ आणि ६ जून २०११ पासून लागू आहेत, मात्र ठरावीक आर्थिक मर्यादेच्या वरच्या व्यवहारांनाच. चेन्नईतील पाच उद्यानांनी उद्या एकत्र बसून किमान तिकीटदर ठरविला तर तो कलम ३ चा भंग होईल. पण एखादे उद्यान वर्चस्वात आहे काय, हे ठरविण्यापूर्वी भारतीय स्पर्धा आयोगाला आधी 'संबद्ध बाजारपेठ' निश्चित करावी लागेल. मरीनाचा समुद्रकिनारा फुकट आहे. चित्रपटगृहे आणि मॉल आहेत. ग्राहक यांना उद्यानाचा पर्याय मानत असेल तर उद्यानाचे वर्चस्व सिद्ध करणे अवघड होईल.

तिकिटावर न दिसणारी गुणवत्ता

आतापर्यंतच्या विवेचनातील सुधारणांना एक समान धागा आहे. राइडची उंची, तिकिटाचा दर, स्वच्छतागृहे, मत्स्यालय या साऱ्या गोष्टी ग्राहक पाहू शकतो आणि दोन उद्यानांत तुलना करू शकतो. जे ग्राहकाला दिसते त्याच्यावर स्पर्धा होते. यंत्राचा बोल्ट किती झिजला आहे, पोलादी दोराची तपासणी केव्हा झाली, राइड चालविणाऱ्याला किती दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, हे त्याला दिसत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविलेली माहितीची असममितता ती हीच. खर्चाला कात्री लावावयाची झाल्यास ती दिसणाऱ्या भागाऐवजी न दिसणाऱ्या भागाला लागण्याची शक्यता अधिक.

चेन्नईतील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. मे २०१६ मध्ये किष्किंता येथे एका राइडच्या चाचणीदरम्यान अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला आणि काही जण जखमी झाले. उद्यानातील पाहुणे त्या राइडवर नव्हते. मे २०२५ मध्ये व्हीजीपी येथे एक राइड उंचावर अडकली आणि तिच्यावरील पाहुण्यांना अग्निशमन दलाने काही तासांनी सुखरूप उतरविले. दुसऱ्या घटनेची दृश्ये देशभर पोहोचली. तिचा पाहुण्यांच्या निवडीवर परिणाम होणे स्वाभाविक आहे. पहिल्या घटनेत जीव गेला तो कर्मचाऱ्याचा, आणि कर्मचाऱ्याची सुरक्षितता हा तिकीट घेणाऱ्याच्या तुलनेतील निकषच नसतो. जो बाजारात ग्राहक म्हणून उभा नाही त्याचे रक्षण स्पर्धा करीत नाही. ते काम तपासणी, भरपाई आणि कामगार कायद्याचेच राहते.

अपघाताची आणखी एक बाजू आहे. एका उद्यानातील दुर्घटनेनंतर पालक सर्वच उद्यानांकडे संशयाने पाहू लागतात. देखभालीवर खर्च करणाऱ्या उद्यानालाही निष्काळजी शेजाऱ्याची झळ बसते. ही ऋण बाह्यता होय. त्यामुळे कठोर तपासणीला चांगल्या उद्यानांचा पाठिंबा असणे त्यांच्या हिताचे आहे. तपासणी केवळ परवान्याच्या फायलीत न राहता तिची तारीख आणि निष्कर्ष प्रवेशद्वारावर, तिकीटदराच्या शेजारी लावणे सक्तीचे केले, तर न दिसणारी गुणवत्ता दिसू लागेल आणि तिच्यावरही स्पर्धा होऊ शकेल. हा उपाय स्वस्त आहे. तो अद्याप सर्वत्र का रूढ झाला नाही, याचे मला कोडे आहे.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरविणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. शहरात टँकरच्या रांगा लागल्या. एप्रिल-मे हा शाळांच्या सुट्टीचा काळ, त्याच वेळी उकाडा सर्वाधिक आणि त्याच वेळी जलक्रीडेला मागणी सर्वाधिक. प्रत्येक उद्यान प्रतिस्पर्ध्यापेक्षा मोठा लाटांचा तलाव बांधू पाहील. पाणी गाळून पुन्हा वापरता येते आणि चांगली उद्याने ते करतात. पण बाष्पीभवन आणि गळती यांची भरपाई भूजलातून किंवा टँकरनेच होते. भूजलाची किंमत उपसा खर्चापुरतीच मोजली जात असेल तर उद्यानाचा खाजगी खर्च आणि शेजारच्या गावाला पडणारा सामाजिक खर्च यांत तफावत राहते. तेथे प्रतिस्पर्धी जितके अधिक तितका उपसा अधिक. पाण्याला योग्य दर आणि मोजमाप लावल्यावर मात्र हीच स्पर्धा कमी पाण्यात अधिक करमणूक देणारे तंत्र शोधण्याकडे वळू शकते.

विद्यार्थ्यांनी सरावासाठी वरील काल्पनिक उदाहरण पुढे न्यावे. ४० कोटी रुपये स्थिर खर्चाच्या उद्यानाने सुरक्षा तपासणीवर वर्षाला आणखी २ कोटी रुपये खर्च केले आणि त्याचे पाहुणे ४ लाखांवर स्थिर राहिले, तर सरासरी एकूण खर्च किती होईल? तपासणीचा निष्कर्ष प्रवेशद्वारावर लावल्यामुळे पाहुणे किती वाढले तर हा सरासरी खर्च पूर्वीच्या १,२०० रुपयांवर परत येईल? पाहुण्यांची ही वाढ प्रतिस्पर्ध्यांकडून आली आणि ती नव्याने घराबाहेर पडलेल्या कुटुंबांकडून आली, या दोन स्थितींत समाजाच्या दृष्टीने काय फरक पडेल, हेही दीडशे शब्दांत लिहून पाहावे.